ओट्याचा भाडेकरू

एकोणीसशे एकाहत्तर सालच्या जूनची पहिली तारीख. चर्चेत असलेली रक्कम दरमहा बासष्ट रुपये. हजर असलेली माणसे: दोन भाऊ, थोरल्याची बायको दाराच्या आत, दोघांचे आईवडील दाराबाहेर ओट्यावर, आणि मधोमध खुर्चीवर मी. मी त्यांचा कोणी लागत नाही. श्रीरामपुरात माझी चार बिऱ्हाडांची बैठी चाळ आहे आणि थोरला भाऊ तिथल्या दोन खोल्यांचा भाडेकरू. मी आडत दुकानात दिवाणजी असल्यामुळे मला आकडे कळतात असा लोकांचा समज आहे, आणि आकडे कळणाऱ्याला न्यायही कळतो असा त्याहून मोठा गैरसमज. म्हणून मला बोलावले होते.

बासष्ट रुपये ही बापाची पेन्शन. धाकटा नगरला एका वर्कशॉपमध्ये फिटर होता, त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता. त्याला आई हवी होती. थोरला इथे एका सोसायटीत कारकून. त्याला बाप हवा होता, म्हणजे बापाबरोबर जे येते ते हवे होते. आईला पेन्शन नव्हती, पण दोन हात होते. बापाचे हात थकले होते, पण पेन्शन होती. दोघा भावांनी एकमेकांच्या मोठ्या मनाचे कौतुक केले. इतक्या प्रेमाने झालेली वाटणी मी मार्केट यार्डात कधी पाहिलेली नाही. चाळीस वर्षांच्या संसाराचे दोन भाग पडले आणि माझ्या कपातला चहा अजून गरम होता.

सगळे ठरल्यावर ओट्यावरून एक हात दारातून आत आला. तळवा वर, बोटे जुळलेली. त्यामागून दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा आला.

"पावती?" म्हातारबांनी विचारले.

"कसली पावती, बाबा?" थोरला म्हणाला.

"काय घेतलं, कुनी घेतलं, कशाबद्दल घेतलं. एवढ्या मालाची वाटनी झाली. पावती नगं?"

सगळे हसले. म्हातारी हसली नाही. ती ट्रंकेच्या कडीला सुतळी बांधत होती, कारण ट्रंक एकच होती आणि ती नगरला जाणार होती.

तो हात मी पुढे पुष्कळदा पाहिला. ते गृहस्थ पाथर्डीकडच्या कोर्टात बेलीफ म्हणून निवृत्त झाले होते. आमच्या चाळीत त्यांना कोणी नावाने हाक मारली नाही; लहानथोर सगळे बेलीफच म्हणत. समन्स बजावणे, जप्ती करणे आणि कोर्टाचा हुकूम झाला की भाडेकरूचे सामान रस्त्यावर काढणे, यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. भाडेकरू रडत, ओरडत, देवाची शपथ घेत. बेलीफ हात पुढे करून विचारत, "पावती?" ज्याच्याकडे असे तो कधी कधी वाचे. ज्याच्याकडे नसे त्याचे भांडेकुंडे बाहेर.

आता अशा माणसाकडे स्वतःच्या घरभाड्याच्या पावत्या बांधून ठेवलेल्या असतील असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण पाथर्डीत ते ज्या खोलीत राहत ती त्यांच्या जुन्या मित्राची. मित्राकडे कसली पावती मागायची, म्हणून महिन्याच्या महिन्याला भाडे हातात देत आले. मित्र वारला. त्याच्या मुलांनी खोली मागितली आणि विचारले, तुम्ही भाडे देत होता याला पुरावा काय? बेलीफांना कायदा माहीत होता, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. आपले सामान आपणच बाहेर काढले. "माज्यावर बेलीफ आनायची गरज पडली न्हाई," ते मला म्हणाले. "तेवडाच कोर्टाचा खर्च वाचला."

थोरल्याचा हिशेब बासष्ट रुपयांचा होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन आली आणि त्याच्या हातात पस्तीस पडले. पंचवीस खाण्याचे, दहा ओट्याचे भाडे. बाकीचे सत्तावीस बेलीफांच्या कोपरीच्या आतल्या खिशात गेले आणि त्यावर गुंडी लागली. मुलाचा चेहरा असा झाला की जणू बापाने त्याच्या घरी चोरी केली. पण तोंडाने तो एवढेच म्हणाला, की बाबा, बापाकडून कोणी भाडे घेते काय, लोक काय म्हणतील.

"बासष्ट घेतल्यावर लोक काय म्हनत्यात?"

 पाठोपाठ बेलीफांचा हात पुढे आला. थोरल्याने चिडून एका कागदावर 'दहा रुपये मिळाले' असे लिहून दिले. बेलीफांनी तो उजेडात धरून वाचला आणि परत केला. कशाबद्दल, ते लिहिलेले नव्हते. दुसऱ्यांदा लिहिले, त्यात तारीख नव्हती. तिसऱ्यांदा सगळे आले: ओट्याचे भाडे, जून महिना, पत्र्याखालील बंदिस्त जागा, वापर एकट्याचा. वीस रुपयांच्या आतली रक्कम असल्यामुळे पावतीला तिकीट लागत नाही, ही माहिती त्यांनी वर फुकट दिली. भाडे दहाच का ठरवले, हे मला तेव्हा कळले.

ओटा म्हणजे काय ते सांगतो, कारण तो मी बांधलेला आहे. लांबी नऊ फूट, रुंदी पाच. वर पत्रा, समोर कमरेइतकी भिंत, तिच्यावर थोरल्याने बांबूच्या तट्ट्या लावून घेतल्या होत्या. दोन खोल्या आणि ओटा मिळून मी पस्तीस रुपये घेत होतो. त्या हिशेबाने ओट्याला दहा हा दर चढाच होता. मी तसे बेलीफांना सांगितले. ते म्हणाले, "पोटभाडेकरूला जास्तीच पडतंय, मालक. आन् एक सांगतो. तुमच्या परवानगीबिगर पोरानं पोटभाडेकरू ठेवलाय. तुमी त्याला नोटीस देऊन घर खाली करून घेऊ शकता. साक्षीदार लागला तर मी हाय."

मुलाला घराबाहेर काढण्यासाठी त्याच्या विरुद्ध साक्ष द्यायला बाप तयार, आणि तेही मालकाला मदत म्हणून. खोटे कशाला बोलू, नवा भाडेकरू पंचेचाळीस देईल हा आकडा माझ्या डोक्यातून जाऊन आला.

मग त्या चाळीत पंचेचाळीस चौरस फुटांचे एक स्वतंत्र संस्थान सुरू झाले. सुनेने कोळशाचे पोते ओट्याच्या कोपऱ्यात ठेवले, तर बेलीफांनी तिला बोलावून शांतपणे सांगितले, "सूनबाई, ही माझ्या ताब्यातली जागा हाय." तिने पोते उचलून नेले आणि दोन दिवस सासऱ्याच्या ताटात भाजीच्या बाजूला मीठ वाढले नाही. त्यावर त्यांची तक्रार नव्हती. जेवणाची पावती त्यांनी मागितली नव्हती, त्यामुळे मिठाचा हक्क सिद्ध होत नाही, असे त्यांनी मला समजावले.

एकदा सुनेचा भाऊ दोन दिवस राहायला आला. घरात जागा नाही, तर झोपेल मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, शेजारी ओट्यावर, असे परस्पर ठरले. बेलीफांनी त्याच्या रात्रीचे आठ आणे मागितले. पाहुण्याला ती थट्टा वाटली. सकाळी तो निघाला तेव्हा दारात हात होता. त्याने आठ आणे दिले आणि विचारले, "पावती?" बेलीफ इतके खूष झाले की त्यांनी त्याला बसस्टँडवर नेऊन स्वतःच्या पैशाने चहा पाजला. चहा पंधरा पैशांचा आणि खारी वेगळी.

महिन्यातून एका रविवारी ते एसटीने नगरला जात. कुठे निघालात म्हटले तर म्हणत, "म्हातारीचा पंचनामा करून येतो." संध्याकाळी परत आले की माझ्या पायरीवर बसून जप्तीची यादी वाचावी तसे सांगत. "एक नग, चालू हालतीत. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, नवा. चष्म्याची काडी मोडलेली. लुगडं तेच. वजनात घट." मी विचारायचो, आणि काय बोलणे झाले? "पंचनाम्यात बोलनं लिवत न्हाईत," ते म्हणत. मग चष्म्याचा दोरा सोडून परत बांधत बसत. दोरा सैल झालेला नसे.

जप्तीच्या गोष्टी ते पुष्कळ सांगत आणि त्यात स्वतःची बाजू कधी घेत नसत. लोक घाबरले की आधी काय उचलतात याचा त्यांना चांगला अभ्यास होता. पुरुष कंदील उचलतो, बाई पाट्याचा वरवंटा उचलते, का ते देवाला ठाऊक. पण एक नियम त्यांनी पाळला होता. चुलीवर तवा असेल तर ते बाहेर दगडावर बसून राहत. वादीचा वकील घाई करी, तर म्हणत, "भाकर होऊ द्या, मग पंचनामा." हा नियम कोणत्या कायद्यात आहे असे मी विचारले. ते म्हणाले, "कायद्यात न्हाई, म्हनून तर मोडता येत न्हाई."

दिवाळी झाली. पाच पावत्या जमल्या. एके दिवशी सकाळी दोन्ही मुलगे हजर असताना, म्हणजे धाकटा भाऊबीजेचा राहिलेला फराळ न्यायला आला असताना, बेलीफांनी ओट्यावरून निवेदन केले. भाडेकरूला आपल्या जागेत आपले कुटुंब ठेवण्याचा हक्क असतो. कुटुंब म्हणजे बायको. ती पुढच्या महिन्यापासून ओट्यावर राहील. ही विनंती नसून माहिती आहे.

पाच महिने ते घर पावत्यांवर हसले होते. त्या पावत्या कशासाठी होत्या ते आम्हाला सगळ्यांना एकाच वेळी कळले.

थोरला म्हणाला की आई धाकट्याच्या वाट्याला आहे. वाटणी झालेली आहे, हे काका साक्षीला होते, असे म्हणून त्याने माझ्याकडे बोट दाखवले. धाकटा तर हळवाच झाला. आईशिवाय आपल्याला करमणार नाही असे तो म्हणाला. घरात तीन महिन्यांचे मूल, बायको अजून अशक्त. धुणे, पाणी, स्वयंपाक, मुलाला न्हाऊ घालणे हे सगळे आई करते, आणि ती केवळ आई म्हणून करते. तिच्या जागी बाई ठेवली तर महिना पंधरा रुपये पडतील. प्रेमाचा आकडा त्याने तोंडाने सांगितला म्हणून बरे झाले; एरवी तो कळायला फार वेळ लागतो. आईच्या जेवणाचा जो खर्च त्याचा वाचणार होता, तो मात्र त्याला त्या क्षणी आठवला नाही. मी आठवण करून देणार होतो, पण बेलीफांनी खिशाची गुंडी काढली होती.

"पंधरा मी देतो. बाई ठेव. माझी मला दे."

थोरल्याच्या बायकोने दाराआडून विचारले, की आत्याबाईंच्या खाण्याचे काय. त्याचे वीस ठरले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी तिथेच तोंडी हिशेब केला. पंचवीस आणि वीस खाण्याचे, दहा ओट्याचे, पंधरा नगरच्या बाईचे. एकूण सत्तर. पेन्शन बासष्ट. दरमहा आठ रुपये तूट. थोरला मुलगा माझ्याकडे असे पाहू लागला जसे काही ते आठ रुपये हा मी दिलेला निकाल आहे.

बेलीफ म्हणाले, "तूट भरून निघंल."

ती अशी भरली. आमच्या शेठजींना लिलावाच्या दिवशी बोली पुकारायला आवाज हवा होता. जुना पुकारणारा घसा बसून घरी बसला होता. आयुष्यभर जप्तीची दवंडी दिलेल्या माणसाच्या आवाजाला परीक्षा कसली घ्यायची? आठवड्यातले दोन लिलाव, प्रत्येकी दोन रुपये. सदुसष्टाव्या वर्षी ते गुळाच्या ढेपांमध्ये उभे राहून भाव ओरडू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने शेवटी "हुकूम कोर्टाचा" असे जोडले आणि दोन व्यापारी घाबरून मागे सरले. महिन्याला सोळा रुपये आले. तूट जाऊन आठ रुपये शिल्लक. एवढी चोख शिल्लक मी आमच्या दुकानातही दर महिन्याला दाखवू शकत नाही.

म्हातारी आली. ट्रंक तीच, सुतळी तीच. ती ओट्यावर चढली, तट्ट्यांकडे पाहिले, पत्र्याकडे पाहिले, आणि भिंतीच्या कडेला नीट टांगलेल्या पाच पावत्यांकडे पाहिले. नवऱ्याने तिला सगळे समजावून सांगितले: ताबा, भाडे, पोटभाडेकरू, कुटुंबाचा हक्क. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अवं, पर मला नुसतं ये म्हनला असता तरी आले असते की."

"तुला कुनी येऊ दिलं असतं?"

तिला ते पटले असावे. तिने पदर खोचला आणि ओटा झाडायला घेतला.

दोन दिवसांनी बोलता बोलता तिने सांगितले की नगरला बाई-बिई कोणी ठेवलेली नाही आणि ठेवणारही नाही. धाकटी सूनच सगळे करते. सासू निघाली त्या दिवशीही मूल काखेत घेऊन पाणी भरत होती. पहिल्या महिन्याचे पंधरा रुपये बेलीफ धाकट्याच्या हातात देऊन बसले होते. मला वाटले आता हा माणूस फसवणुकीचा दावा लावतो. मी त्यांना तसे म्हटलेही, की पुढचे पैसे बंद करा.

"बंद कशानं? काम तर हुतंय न्हवं? जी करती तिचा पगार. फकस्त चुकीच्या मानसाला बजावनी झाली."

पुढच्या महिन्यापासून पंधरा रुपये मनिऑर्डरने धाकट्या सुनेच्या नावे जाऊ लागले. पोस्टमन तिच्या हातात देणार आणि तिची सही घेणार. ती सही असलेली पोच परत आली की बेलीफ ती उजेडात धरून पाहत. पहिल्या पोचेवरची सही वेडीवाकडी होती, नाव लिहिताना मध्ये थांबल्यासारखी. पुढे सुधारली. धाकटा मुलगा मात्र त्यानंतर चार महिने बापाशी बोलला नाही. त्याच्या स्वाभिमानाला धक्का बसला होता आणि त्या धक्क्याची किंमत बरोबर पंधरा रुपये होती.

आता फायद्याच्या बाजूचे सांगतो, कारण ती बाजू त्या घरात कोणी मांडली नाही. म्हातारी आल्यावर थोरल्या सुनेचा सकाळचा वेळ मोकळा झाला. तिने हप्त्याने शिलाई मशीन घेतले आणि ब्लाऊज, लंगोटे, शाळेचे सदरे शिवू लागली. महिन्याला चाळीस सुटत, हे मला माझ्या पत्नीकडून कळले. मुले शाळेतून आली की आजीकडे. पुढच्या साली पाऊस दडी मारून बसला, नळाला दिवसाआड तासभर पाणी आले, तेव्हा रांगेत पहिला हंडा म्हातारीचा असे. रेशनवर मिळणाऱ्या मिलो या तांबड्या परदेशी ज्वारीची भाकरी थापून कोणाला जमत नव्हती. तिने ती जमवली आणि चाळीतल्या बायका ओट्यापुढे शिकायला बसल्या. या सगळ्या काळात थोरला मला भेटला की एकच सांगे: "काका, आई आल्यापासून खर्च फार वाढलाय."

मी एकदा म्हणालो, "मग परत पाठवा."

तो म्हणाला, "छे छे. आई आहे शेवटी."

संध्याकाळी ती दोघे ओट्यावर बसत. पंधरा वॅटचा दिवा लागे, त्याचे विजेचे बारा आणे वेगळे दिले जात. फार बोलत नसत. ती तांदूळ निवडी, ते जुन्या केसेस सांगत आणि ती मध्येच म्हणे, "ह्ये सांगितलंय तुमी." तरी ते पूर्ण सांगत. कधी वारा सुटला की ते उठून तिच्या बाजूची तट्टी ओढून घेत. एकदा थोरल्याने मोठ्या मनाने जाहीर केले, की बाबा, आता भाडे राहू द्या, आपलेच घर आहे. बेलीफांनी त्या दिवशी दहाची नोट नेहमीपेक्षा लवकर पुढे केली. नंतर मला म्हणाले, "भाडं बंद झालं की ताबा बंद. मी किती घरं बघितली. पयलं म्हनतात राहू द्या, मंग म्हनतात जाऊ द्या."

त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत ते गेले. लिलावाचा दिवस नव्हता. सकाळची वेळ, म्हातारी ओट्याच्या कोपऱ्यात शेगडीवर भाकरी करत होती, ते भिंतीला टेकून बसले होते. ती काहीतरी म्हणाली, उत्तर आले नाही. तिने वळून पाहिले. तव्यावर भाकरी होती. ती तिने उलटली, शेकली, दुरडीत ठेवली. निखाऱ्यांवर पाणी शिंपडले. मग उठून आम्हाला हाक मारली. ती भाकरी तिने आधी का पूर्ण केली याबद्दल चाळीत पुढे पुष्कळ बोलणे झाले. मी त्यात पडलो नाही. मला कारण माहीत होते.

तेराव्यानंतर पुन्हा बैठक. हजर असलेली माणसे: दोन भाऊ, त्यांच्या बायका, म्हातारी ओट्यावर, आणि खुर्चीवर मी. चर्चेत असलेली रक्कम: शून्य, कारण पेन्शन बेलीफांबरोबर गेली होती. लिलावाचे सोळाही गेले.

दीड वर्षापूर्वी एकाने आईचा आणि एकाने बापाचा हात धरून ओढला होता. आता दोघेही आईला प्रेमाने एकमेकांकडे ढकलत होते. थोरला म्हणाला की मूळ वाटणीत आई धाकट्याची. धाकटा म्हणाला की मूल आता चालायला लागले, आईला तिथे काही काम उरले नाही, तिला उगाच परके वाटेल. शिवाय तिचा जीव या ओट्यात आहे. थोरला म्हणाला, जीव आहे खरा, पण ओटा भाड्याचा आहे. हे त्याचे वाक्य कायद्याने बरोबर होते. शेवटी सहा महिने इथे, सहा महिने तिथे असे ठरत आले. एसटीचे तिकीट कोणी काढायचे यावर थोडे अडले होते.

म्हातारी बाहेर बसून ऐकत होती. तिने कोणाकडे काही मागितले नाही. तिने कोपऱ्यातली ट्रंक पुढे ओढली आणि सुतळी शोधू लागली.

तेव्हा धाकटी सून उठली. या मुलीचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. तिने कमरेची पिशवी सोडली, नोटा काढल्या, आणि मोजून मोठ्या जावेसमोर ठेवल्या.

"अक्का, हे एकशे वीस. आत्याबाईंच्या ओट्याचं वर्षाचं भाडं."

धाकट्याने विचारले, हे पैसे कुठले.

"माझ्या पगाराचे," ती म्हणाली. "मामांनी पाठवलेले."

बारा मनिऑर्डरी, प्रत्येकी पंधरा, एकशे ऐंशी. त्यातले साठ तिने मुलाच्या कपड्यांना आणि औषधाला खर्चले असावेत. मी विचारले नाही आणि बाकी कोणाची विचारायची हिंमत झाली नाही. ती पुढे म्हणाली की खाण्याचे दरमहा वीस ती पाठवील. आता शेजारच्या दोन घरी ती पोळ्या करते. आत्याबाईंना यायचे तेव्हा त्या नगरला येतील, जायचे तेव्हा जातील. कोणी पाठवायचे नाही.

थोरला म्हणाला, "अगं, पण आपल्यात असे पैसे घेणे बरे दिसते का? घरची माणसे..."

त्याच्या बायकोने नोटा उचलल्या होत्या. त्यातले वीस तिने जावेच्या हाताशी असू द्यावेत म्हणून परत केले आणि म्हणाली, "खाण्याचं पाठवू नको. माझं मशीन कुणामुळं चालतंय ते मला माहीत हाय." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "भाड्याचं घेते. ते घेतलंच पाहिजे. शेवटच्या दोन महिन्यांचं वीस नंतर दे."

त्या क्षणी दारातून हात आत आला. सुरकुतलेला, मनगटावर भाजल्याचा जुना डाग असलेला. तळवा वर, बोटे जुळलेली.

"पावती?" म्हातारी म्हणाली.

मालक म्हणून माझी पोटभाडेकरूला हरकत नसल्याचे मी सांगितले. दीड वर्षात मला हे कोणी विचारले नव्हते. पावती थोरल्या सुनेने शिवणाच्या मापांच्या कागदामागे लिहिली. तिच्यातला मजकूर असा: रुपये शंभर, धाकट्या सुनेकडून थोरल्या सुनेला, दहा महिन्यांच्या ओट्याच्या भाड्याबद्दल, सासूच्या नावे. रक्कम विसाच्या वर असल्यामुळे तिकीट लागणार होते. ते माझ्या पाकिटात होते, मी लावून दिले. त्याचे दहा पैसे मी कोणाकडून घेतले नाहीत.